इस्तंबूलची कारिये मशीद: मरियेच्या गोष्टीचा शेवट कुठे पाहायचा?

रानजाई

इस्तंबूलची प्रवासवर्णनं इथे बरीच आहेत. आयासोफिया, निळी मशीद, तोपकापी, ग्रँड बझार, बोस्फोरसची बोट हे सगळं येतं, पण कारिये मशिदीचं नाव क्वचितच दिसतं. म्हणून हा धागा. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांनी भर घालावी, आणि ज्यांना जायचं आहे त्यांनी तिच्यासाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवावा.

जागा एदिर्नेकापी भागात, जुन्या थिओडोसियन तटबंदीच्या आतल्या अंगाला. बाहेरून विटा आणि दगडांचे आलटून पालटून पट्टे, बुटके घुमट, कोपऱ्यात एक मिनार. भव्य असं काही नाही.

मूळचा हा खोरा मठ. पहिल्या कॉन्स्टंटाईनच्या तटाबाहेर, मोकळ्या रानात होता. पाचव्या शतकात नवा तट झाला तेव्हा शहरात आला. आज उभा असलेला गाभा अकराव्या शतकाच्या अखेरचा. बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट आलेक्सिओस कोम्नेनोसची सासू मारिया दुकाइना हिने तो बांधवला. काही दशकांत त्याची पडझड झाली आणि तिचाच नातू इसाक कोम्नेनोस याने बाराव्या शतकात पुन्हा उभारला. १२०४ ते १२६१ शहर पश्चिम युरोपातून आलेल्या लॅटिन धर्मयोद्ध्यांच्या ताब्यात होतं, त्या काळात मठाची दुर्दशा झाली. इथवरचा इतिहास त्या शहरातल्या कुठल्याही जुन्या चर्चसारखाच आहे.

खरी गोष्ट सुरू होते थिओडोर मेटोकाइटीस या माणसापासून. सम्राट दुसरा आंद्रोनिकोस याचा खजिन्याचा प्रमुख, पुढे मुख्य मंत्री. विद्वान, कवी, खगोलशास्त्रावर लिहिणारा, आणि अतिशय श्रीमंत. साधारण १३१५ ते १३२१ या काळात त्याने खोराला नवी दालनं जोडली, बाजूचं दफन-प्रार्थनागृह बांधलं आणि सगळ्या भिंती-छतं मोझेकने (काच-दगडाचे छोटे तुकडे जडवून केलेल्या चित्रांनी) व भित्तिचित्रांनी मढवली. गाभाऱ्यात शिरायच्या दारावर तो स्वतः आहे: डोक्यावर पांढऱ्या-सोनेरी पट्ट्यांची भलीमोठी टोपी, गुडघ्यावर बसलेला, हातात चर्चची छोटी प्रतिकृती, समोर सिंहासनावर ख्रिस्त.

हा माणूस करवसुलीच्या पैशावर श्रीमंत झाला, असं त्याच्या हयातीतच बोललं जायचं. आणि बाहेरच्या दालनात एक प्रसंग आहे तो जनगणनेचा: ख्रिस्ताची आई मरिया, गरोदर, राज्यपालासमोर उभी, कारकून पट उलगडून नाव लिहून घेतोय, मागे शिपाई. ही नोंदणी करासाठीची. ख्रिस्ताच्या बालपणाच्या चित्रमालिकांत हा प्रसंग फारसा येत नाही, आणि इथे खजिनदाराच्या चर्चमध्ये तो मोठ्या आकारात, सगळ्या सरकारी थाटासह आला आहे. काही अभ्यासकांना यात मेटोकाइटीसचा स्वतःच्या पदाबद्दलचा अभिमान दिसतो. मला त्यात अभिमानासोबत थोडी धास्तीही दिसते. हे माझं वाचन आहे, पण त्या मरियेच्या चेहऱ्याकडे पाहून ते सुचतं.

१३२८ मध्ये सम्राटाच्या नातवाने सत्ता घेतली. मेटोकाइटीसचा वाडा लुटला गेला, त्याला हद्दपार केलं. दोन वर्षांनी परत यायची परवानगी मिळाली ती याच मठात राहण्यासाठी. १३३२ च्या मार्चमध्ये तो इथेच वारला, संन्यासी म्हणून, थिओलेप्टोस हे नाव घेऊन. म्हणजे सत्तेच्या शिखरावर असताना ज्या भिंती त्याने सजवल्या, त्याच भिंतींच्या आत सगळं गमावल्यावर राहिला. त्याचा शिष्य, इतिहासकार निकेफोरोस ग्रेगोरास हाही याच मठाशी जोडलेला होता.

आता मोझेक. चर्चच्या पश्चिमेला दारापुढे दोन आडवी दालनं आहेत, एकामागे एक. बाहेरच्यात ख्रिस्ताचं आयुष्य, आतल्यात मुख्यतः त्याच्या आईचं. मरियेचं हे बालपण बायबलच्या चार शुभवर्तमानांत नाही. ते आलंय याकोबाच्या नावावर असलेल्या एका जुन्या ग्रंथातून. अपत्य नसल्याने बागेत रडणारी मरियेची आई आन्ना, झाडावर पिल्लांचं घरटं, मग देवदूताचा निरोप. मरियेचा जन्म, तिला मांडीवर घेऊन लाड करणारे आईबाप, तिची पहिली सात पावलं, तीन वर्षांची असताना मंदिरात सोडणं. आईबाप आणि लेक यांच्यातला तो लाडाचा प्रसंग बायझंटाईन कलेबद्दलच्या कल्पनाच बदलून टाकतो. ताठ, कोरडी, नजर रोखलेली माणसं म्हणतात ना, तसं इथे काही नाही. गाल गालाला लागलेले आहेत.

आणि या मालिकेचा शेवट दालनात नाहीच. तो मुख्य गाभाऱ्यात आहे, दारातून आत गेल्यावर मागे वळून वर पाहायचं. मरिया मृत्युशय्येवर, भोवती प्रेषित, पेत्र धूप फिरवतोय, पौल पायाशी वाकलाय, आणि मागे उभ्या ख्रिस्ताच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं एक बाळ. तो तिचा आत्मा. आईने ज्याला दुपट्यात धरलं त्याने आईला धरलंय. दालनातल्या बाळंतपणाच्या चित्रापासून चालत आलेला माणूस इथे पोचतो तेव्हाच गोष्ट पुरी होते.

माझं म्हणणं याच्याभोवती आहे. १९४५ मध्ये तुर्की सरकारने ही वास्तू संग्रहालय म्हणून जाहीर केली होती. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला, ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ती धर्मव्यवहार खात्याकडे गेली, आणि ६ मे २०२४ पासून पुन्हा नमाज सुरू झाला. दालनं आणि बाजूचं प्रार्थनागृह पाहता येतं. गाभारा नमाजाची जागा आहे, फरशीवर गालिचा, आणि तिथली मोझेक नमाजाच्या वेळी पडद्याआड जातात. आकड्यात पाहिलं तर गाभाऱ्यात शाबूत मोझेक मोजून तीन. शंभराच्या वर चित्रांत तीन झाकली तर काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. पण त्यातलं एक हे शेवटचं पान आहे. ही वास्तू सुट्या चित्रांचं दालन नाही, एका माणसाने ठरवलेला चालण्याचा क्रम आहे. तो तुटू नये इतकंच मला वाटतं.


मितभाषी

सुंदर लेख. वाचनखूण साठवली. एक शंका: मशीद झाल्यावर चित्रं फोडली कशी नाहीत? चुना मारला होता का?


रानजाई

धन्यवाद. उस्मानी सुलतान दुसऱ्या बायझीदचा वजीर अतिक अली पाशा याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास चर्चची मशीद केली. घंटाघराच्या जागी मिनार आला, गाभाऱ्यात मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा. चित्रांचा काही भाग चुन्या-गिलाव्याखाली गेला, पण सगळा नाही. एकोणिसाव्या शतकात तर पाश्चात्त्य प्रवासी हिला 'मोझेकची मशीद' म्हणूनच ओळखत. म्हणजे मशीद चालू असताना दालनांतली बरीच मोझेक उघडी होती आणि लोक ती पाहायला येत होते. बाजूच्या प्रार्थनागृहातली भित्तिचित्रं मात्र बहुतांश झाकलेली होती. ती विसाव्या शतकाच्या मध्यात बाहेर आली.

उस्मानी तुर्कांनी १४५३ मध्ये शहराला घातलेल्या वेढ्याची एक हकिकत इथे सांगायला हवी. शहराची रक्षणकर्ती मानली जाणारी मरियेची प्राचीन प्रतिमा, होदेगेत्रिया, वेढा चालू असताना तटाजवळ म्हणून याच मठात आणून ठेवली होती. शहर पडलं त्या दिवशी सैनिकांनी तिचे तुकडे केले. भिंतीवरची चित्रं राहिली, ती गेली.


पायवाट

मी जर्मनीत असतो, इथून इस्तंबूल जवळ, त्यामुळे कारिये दोन्ही रूपांत पाहिली आहे. रानजाई, लेख आवडला, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे.

मेटोकाइटीसचं काम पुरं झालं १३२१ ला, शहर पडलं १४५३ ला. त्याच्या सजावटीसह ही वास्तू बायझंटाईन राजवटीत चर्च म्हणून नांदली ती जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षं. मशीद म्हणून चार शतकांहून जास्त. संग्रहालय म्हणून पाऊणशे वर्षं. मग 'मूळ' कोणतं? भूकंपांनंतर घुमट पुन्हा बांधला, छतं दुरुस्त केली, गळती थांबवली ती मशिदीच्या काळात. शहरातली कितीतरी बायझंटाईन चर्च कुणी वापरलीच नाहीत, ती दगडांच्या ढिगासारखी संपली. वापरातली इमारत टिकते. त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना तिथे पुन्हा नमाज पढायला मिळाला याचा आनंद मी डोळ्यांनी पाहिलाय. तो खोटा नव्हता.

जाणाऱ्यांसाठी: टी४ ट्रामने एदिर्नेकापी, तिथून चालत. परदेशी पर्यटकांना २० युरो तिकीट आहे. शुक्रवारी जाऊ नका. बायकांनी डोक्यावरून घ्यायला ओढणी बरोबर ठेवावी.


रानजाई

पायवाट, तुमचा मुद्दा मी मनापासून मान्य करते. मशीद झाली नसती तर ही वास्तू आज नसती, आणि त्या चार शतकांना 'अडगळीचा काळ' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. नमाजाला माझा विरोध नाही. पण वापराने इमारत टिकते हे जितकं खरं, तितकंच हेही की १९४८ च्या आसपास अमेरिकेच्या बायझंटाईन इन्स्टिट्यूटने थॉमस व्हिटमोर यांच्या पुढाकाराने काम सुरू केलं आणि व्हिटमोर १९५० मध्ये वारल्यावर पॉल अंडरवुड यांनी ते १९५८ पर्यंत पुरं नेलं, म्हणून आपण आज हे पाहू शकतो. भिंतीपासून सुटलेला गिलावा पुन्हा बसवणं, काजळी काढणं, चुन्याखालचं एकेक बोट उघडं करणं. दहा वर्षं. संग्रहालयाचा काळ लहान असेल, पण चित्रांना डोळे त्या काळाने दिले.


दगडधोंडे

मी पेशाने स्थापत्य अभियंता, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, तेव्हा धर्म-राजकारण सोडून भिंतीबद्दल.

मोझेक म्हणजे चुन्याच्या गिलाव्याचे थर, आणि सगळ्यात वरचा थर ओला असतानाच त्यावर आधी रंगाने चित्र काढायचं, मग त्यात काचेचे आणि दगडाचे छोटे तुकडे हाताने दाबायचे. सोनेरी तुकड्यात काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असतो. तुकडे सपाट बसवत नाहीत, मुद्दाम कमी-जास्त कलते ठेवतात. त्यामुळे माणूस चालतो तसा प्रकाश सरकतो आणि सोनं एका जागी थांबत नाही. विजेच्या सपाट उजेडात यातलं निम्मं जातं. रानजाई चालण्याच्या क्रमाबद्दल म्हणतात ते म्हणून मला तांत्रिकदृष्ट्याही पटतं. ही चित्रं चालत्या माणसासाठीच बसवलेली आहेत.

आतल्या दालनाच्या दोन टोकांचे घुमट बघा. खरबुजाच्या फोडींसारखे पाडलेले आहेत, आणि प्रत्येक फोडीत ख्रिस्ताच्या वंशावळीतला एकेक पूर्वज उभा. घुमटाचा भाग पाडण्याची पद्धत आणि वंशावळीची मांडणी एकच करून टाकली आहे. पूर्वेला, अर्धगोल भिंतीच्या पाठीमागे, बाहेरून एक तिरकी कमान टेकू म्हणून दिली आहे. लोक मागे जाऊन बघत नाहीत. उतारावरची जागा, तो भाग खचत होता, म्हणून ती चौदाव्या शतकात घातली.

माझी काळजी पडद्यांपेक्षा दमटपणाची आहे. बंद जागेत गर्दी, श्वास, पावसाळी कोट, दारांची सतत उघडझाप. गिलावा चुन्याचा आहे. क्षार वर आले की वरचा थर सुटतो. हे संग्रहालयातही होतं, मशिदीतही होईल. एका वेळी किती माणसं आत सोडता आणि हवेतली आर्द्रता कोण मोजतंय, यावर ही चित्रं टिकणार.


बावखल

मी वसईची, कॅथलिक. आन्ना आणि योआकीम ही मरियेच्या आईबापांची नावं बायबलमध्ये नाहीत हे मला खूप उशिरा कळलं, कारण आमच्याकडे ती आजीच्या तोंडी असायची आणि २६ जुलैला त्यांचा सण असतो. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण १५ ऑगस्टला, त्यामुळे शाळेत झेंडावंदन आणि मग चर्च. पूर्वेकडची मंडळी त्याच दिवशी तिच्या 'निद्रेचा' सण पाळतात. तुम्ही वर्णन केलेलं गाभाऱ्यातलं चित्र तेच.

दुपट्यातलं बाळ म्हणजे आईचा आत्मा, हे वाचून थांबले. आमच्या चर्चमधल्या चित्रांत ती ढगांवरून वर जाताना दिसते. इथे मुलगा खाली उतरून तिला घेतो. माझी आई नुकतीच गेली, त्यामुळे जास्त लागलं असेल. बाजूच्या प्रार्थनागृहाबद्दल लिहा ना. ते दफनासाठी होतं म्हणता, तर तिथे काय रंगवलंय?


रानजाई

बावखल, तुमच्या दुःखात सहभागी आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते दक्षिणेच्या अंगाला लांबट दालन आहे. इथे मोझेक नाही, ओल्या गिलाव्यावरची रंगचित्रं आहेत. भिंतीत कमानीखाली थडग्यांच्या चार जागा. एकावर सेनापती मिखाएल तोर्निकेस याचा मृत्युलेख आहे, आणि एक मेटोकाइटीसची स्वतःची असावी असं मानतात. तर ज्यांना इथे पुरायचं होतं त्यांच्या डोक्यावर काय रंगवायचं, हा प्रश्न चित्रकारापुढे होता.

छतावर अंतिम न्याय. मधोमध एक देवदूत आकाशाची गुंडाळी करतोय, सूर्य-चंद्र-ताऱ्यांसकट, एखादा पट गुंडाळावा तसं. पुढे टोकाच्या अर्धगोलात अनास्तासिस, म्हणजे मेलेल्यांच्या लोकात उतरलेला ख्रिस्त. पांढरी वस्त्रं, पाय फाकलेले, अंगात प्रचंड जोर. एका हाताने आदामाला, दुसऱ्याने एवेला थडग्यातून ओढून काढतोय. हात धरलेला नाही, मनगट धरलंय. हात धरायला दोघांची ताकद लागते, मनगट धरलं की ओढणाऱ्याची एकट्याची पुरते. मेलेल्यांकडून काहीच अपेक्षित नाही. पायाखाली पाताळाचे दरवाजे मोडून पडलेत, कुलपं, किल्ल्या, खिळे विखुरलेत, आणि बांधलेला सैतान आडवा. पूर्वेकडच्या ख्रिस्ती कलेत हा विषय शेकडो ठिकाणी आहे, पण इतकी ओढ मी दुसरीकडे पाहिलेली नाही. इटालियन चित्रकार जोत्तो पाडुआत रंगवत होता त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतलं हे काम. चित्रकाराचं नाव कुठेही नाही.


पिंपळपान

आतल्या दालनातली एक बाई राहिली. ख्रिस्त आणि मरियेचं जे मोठं मोझेक आहे त्याच्या खालच्या एका कोपऱ्यात इसाक कोम्नेनोस आहे, आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक संन्यासिनी, नाव मेलाने, 'मंगोलांची राणी' अशा अर्थाचा लेख. बहुतेक अभ्यासक तिला आठव्या मिखाएल सम्राटाची अनौरस मुलगी मारिया पालायोलोगिना मानतात. १२६५ मध्ये तिला मंगोल राजा हुलागूशी लग्नासाठी इराणकडे पाठवलं. ती पोचायच्या आत हुलागू मेला, मग त्याचा मुलगा अबाका याच्याशी लग्न झालं. १२८२ मध्ये अबाका गेल्यावर परत आली. फेनेरमध्ये टेकडीवर तिच्या नावाशी जोडलेलं 'मंगोलांच्या मरियेचं' चर्च आहे. बायझंटाईन काळापासून आजतागायत चर्च म्हणून सलग चालू राहिलेलं शहरातलं ते एकमेव. कारियेहून फेनेरपर्यंत उतारावर चालत जाता येतं. एका दिवसात दोन्ही करा.


उत्तररात्र

धागा छान चाललाय म्हणून राजकारणाचं थोडक्यात. संग्रहालयाची मशीद करण्याचा हा निर्णय एकटा नाही. २०१३ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या ट्रॅबझोन शहरातली आयासोफिया, जुलै २०२० मध्ये इस्तंबूलची आयासोफिया, महिन्याभरात कारिये. मे २०२४ मध्ये कारिये उघडली त्यानंतर आठवड्याने ग्रीसचे पंतप्रधान मित्सोताकिस अंकाराला गेले आणि तिथे त्यांनी नाराजी बोलून दाखवली. इमारतीला दोन्ही बाजूंनी झेंड्यासारखं वापरलं जातंय. पायवाट म्हणतात त्या म्हाताऱ्यांचा आनंद खरा असेल, पण निर्णय त्यांच्यासाठी झाला असं मला वाटत नाही. त्या भागात मशिदींची काही कमी नव्हती.


पायवाट

उत्तररात्र, मशिदी कमी नव्हत्या हे खरं. तरी अंकारा-अथेन्सचं भांडण त्या वस्तीवर लादू नये. मात्र दगडधोंडेंनी आर्द्रतेचा जो मुद्दा मांडलाय त्यापुढे माझं तुमचं दोघांचंही मत दुय्यम आहे. आणि रानजाईंचं क्रमाबद्दलचं म्हणणं: नमाजाच्या वेळा सोडून पडदे पूर्ण उघडे ठेवणं आणि पाहुण्यांना त्या दारातून आत जाऊन मागे वळता येणं, एवढं झालं तर नमाजींचं काही बिघडत नाही. याला माझा पूर्ण पाठिंबा.


मितभाषी

डिसेंबरात जायचं ठरतंय. ट्रॅबझोनला जाणं जमणार नाही. इस्तंबूलमध्येच अशा प्रकारचं अजून काय पाहावं?


रानजाई

फेथिये मशीद, मूळ पाम्माकारिस्तोस चर्च. कारियेपासून चालत जाण्याइतकी जवळ. सुलतान तिसऱ्या मुरादच्या काळात, सोळाव्या शतकाच्या शेवटी मशीद झाली. तिच्या बाजूच्या प्रार्थनागृहातली मोझेक कारियेच्याच पिढीतली, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची. घुमटात ख्रिस्त आणि भोवती बारा संदेष्टे. तो भाग चालू आहे का हे निघायच्या आधी विचारून घ्या. झेय्रेक मशीद म्हणजे पान्तोक्रातोर मठ, बाराव्या शतकातली, तिथे चित्रं जवळजवळ नाहीत पण विटांचं काम पाहण्यासारखं. डिसेंबरात दिवस लहान असतो, म्हणून कारियेला सकाळी उघडल्या उघडल्या जा. आधी बाहेरचं दालन, मग आतलं, मग गाभारा, आणि दफनाचं दालन सगळ्यात शेवटी. लहान दुर्बीण न्या. छतावरचे चेहरे नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत.